पहिली-दुसरीच्या वाचनात गटागटात फरक दिसतो, तो खरा असतो का आणि टिकतो का?

प्रश्न विचारणाऱ्या टीचरनी पहिली आणि दुसरीच्या सगळ्या मुलांची वाचनाची टेस्ट घेतली आणि मग मार्कांची गटवार टेबलं बनवली. त्यात मुली मुलग्यांच्या पुढे आहेत, बालवर्ग करून आलेली मुलं थेट पहिलीत आलेल्यांच्या पुढे आहेत, आणि ज्यांची घरची भाषा वेगळी आहे ती सगळ्यात मागे. मुख्याध्यापकांनी टेबल बघून "घरचं वातावरणच तसं, आपण काय करणार" म्हणून विषय संपवला. टीचरना हवंय ते एवढंच की हा फरक खरा आहे का, खरा असेल तर पुढे वाढत जातो का, आणि वर्गात नेमकं करायचं काय.

बावीस वर्षं झाली मी हेच काम करतेय, लहान मुलांना वाचायला शिकवणं, शिकवणाऱ्यांना शिकवणं आणि एकेका पोराला शेजारी बसवून त्याचं वाचन ऐकणं. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

"वाचनात मागे" हे वाक्यच मुळात अर्धवट आहे. वाचनातल्या कशात मागे? अक्षरं ओळखण्यात, शब्द जुळवण्यात, वेगात, की वाचलेलं समजण्यात? ह्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि गटांमधला फरक प्रत्येक ठिकाणी वेगळा येतो, कधी कधी चक्क उलटा येतो. १९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर ह्या दोघांनी एक अगदी साधं गणित मांडलं, ते म्हणजे वाचून समजणं = छापलेल्यावरून शब्द काढता येणं गुणिले बोललेली भाषा समजणं. बेरीज नाही हां, गुणाकार. दोन्हीपैकी एक शून्य असलं की उत्तर शून्य, दुसरं कितीही भारी असो. एवढं एक डोक्यात ठेवलं तरी तुमच्या टेबलातली निम्मी गाठ सुटते.

कोरडं वाटत असेल तर दोन मुलं दाखवते.

एक मुलगा, दुसरीतला, बालवर्ग न केलेला. माझ्यासमोर बसून त्याने कमळ, मगर, वजन, गवत हे धडाधड वाचलं. काका, मामा, राजा हेही वाचलं. मग आला "किरण", तो म्हणाला "करण". "दिवस" आला, तो म्हणाला "दवस", थांबला, माझ्याकडे बघितलं, आपण काहीतरी चुकलोय हे त्याला कळलं होतं पण काय ते कळत नव्हतं. मी म्हटलं बोट ठेवून वाच. बोट आधी पहिल्या वेलांटीच्या काठीवर गेलं, तिथे क्षणभर थबकलं आणि मग उडी मारून द वर. काना अक्षराच्या नंतर येतो आणि नंतरच बोलला जातो, म्हणून तो जमला. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर, आणि ह्या पोराला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्याने स्वतःचा नियम बनवला होता की ही काठी दिसली की सोडून द्यायची. ह्या एका नियमामुळे त्याचे ४० पैकी ११ शब्द बरोबर आले. सांगायला दहा मिनिटं लागली, अंगवळणी पडायला दोन आठवडे.

दुसरी एक मुलगी, घरची भाषा वेगळी. तिने उतारा वाचला, एक चूक नाही, वेगही छान. उताऱ्यात वाऱ्याने घरटं फांदीवरून खाली पडतं. मी विचारलं काय पडलं, ती लगेच म्हणाली "घरटं". टेस्टच्या हिशोबाने आकलनाचा मार्क मिळाला. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी विचारलं घरटं कुणाचं असतं गं? तिने जरा विचार केला आणि म्हणाली "गरीब माणसांचं. छोटं घर." म्हणजे लॉजिक बघा किती पक्कं आहे, पण पक्षी, अंडी, झाड ह्यातलं काहीच तिच्या डोक्यात नव्हतं. अख्खी गोष्ट तिने माणसांची म्हणून वाचली होती.

आता हे दोघंही कुठल्या ना कुठल्या टेबलात "मागे असलेला गट" म्हणून येतात. मुलाला अक्षरांची मदत हवी, मुलीला भाषेची. दोघांना एकाच "कच्च्या मुलांच्या" तासाला बसवून बाराखडी घोटायला लावली तर मुलगा सुधारेल आणि मुलगी कंटाळेल, आणि वर्षाच्या शेवटी आपण म्हणणार की बघा, घरच्या भाषेचा फरक काही जात नाही.

घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांबद्दल एक चांगली गोष्ट आहे जी फारशी कुणी सांगत नाही. कॅनडातल्या नॉर्थ व्हँकुव्हरमध्ये नॉनी लेसॉ आणि लिंडा सीगल यांनी मुलांना बालवर्गापासून दुसरीपर्यंत फॉलो केलं, ते २००३ साली छापून आलं. घरी इंग्रजी न बोलणारी मुलं सुरुवातीला मागे होती, पण दुसरी संपेपर्यंत शब्द वाचण्यात ती इंग्रजी घरातल्या मुलांच्या बरोबरीला आली, काही कामांत थोडी पुढेच गेली. तिथे बालवर्गापासून सगळ्यांनाच आवाज आणि अक्षरं पद्धतशीर शिकवत होते, ज्याला जमत नाही त्याला थांबवून न ठेवता मदत मिळत होती. म्हणजे शब्द जुळवण्याच्या भागात घरची भाषा ही अडचण असली तरी ती शिकवण्याने पार होते. शब्दसंपत्तीचं मात्र तसं नाही, ती भरायला वर्षं लागतात आणि तो फरक तिसरी-चौथीत उतारे अवघड झाले की वर येतो. पहिली-दुसरीत तो लपलेला असतो कारण त्या वयाचे उतारे इतके सोपे असतात की न समजताही उत्तर देता येतं, वरची घरट्याची गंमत तीच.

आता टेस्टबद्दल, कारण माझ्या मते निम्मे गैरसमज इथून येतात. स्कॉट पॅरिस यांनी २००५ मध्ये हे फार नीट मांडलं की वाचनातली काही कौशल्यं मर्यादित असतात, म्हणजे त्यांना वरचं टोक असतं. अक्षरओळख घ्या. अक्षरं ठराविकच आहेत, ती आली की संपलं, त्याच्या पुढे कुणीच जाऊ शकत नाही. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला अक्षरओळखीची टेस्ट घेतली तर गटागटात प्रचंड फरक दिसतो, वर्षाच्या शेवटी तीच टेस्ट घेतली तर फरक गायब, आणि आपण खूश होतो की दरी बुजली. बुजलेली वगैरे काही नसते, पुढे गेलेली मुलं छताला टेकून थांबलेली असतात. उलटही होतं, पहिल्या महिन्यात उतारा वाचायला दिला तर सगळ्यांनाच शून्य, म्हणून सगळे सारखे, आणि सहा महिन्यांनी फरक "वाढलेला" दिसतो. तो आधीही होता, आपली फूटपट्टी त्याला पकडत नव्हती. शब्दसंपत्ती आणि आकलनाला असं छत नाही, ती आयुष्यभर वाढत राहतात. म्हणून फरक वाढला की कमी झाला हे विचारायच्या आधी कशाने मोजला ते विचारा.

लिपीचाही मुद्दा आहे. फिलिप सिमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातल्या १३ भाषांतली पहिलीची मुलं तपासली. फिनिश, ग्रीक अशा जिथे लिहिलेलं तसंच वाचलं जातं त्या भाषांत वर्षाच्या शेवटी ओळखीचे शब्द मुलं ९० टक्क्यांच्या वर बरोबर वाचत होती, आणि इंग्रजी वाचणारी स्कॉटलंडची मुलं जेमतेम ३४ टक्के. स्कॉटलंडची मुलं काही ढ नव्हती, इंग्रजीचं स्पेलिंग तसं आहे. आपल्याकडच्या लिप्यांत अडचण वेगळ्या जागी आहे. उच्चार बऱ्यापैकी सरळ, पण चिन्हांची संख्या अफाट, आधी मुळाक्षरं, मग त्यांना काना, मात्रा, वेलांट्या, उकार, मग जोडाक्षरं, त्यात र चे तर किती अवतार, रफार वेगळा, प्र मधला वेगळा, ट्र मधला वेगळा. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर काम केलं आणि अक्षरांवरची पकड पूर्ण यायला चौथीपर्यंतसुद्धा वेळ लागतो असं त्यात दिसलं. त्यामुळे दुसरीतला मुलगा जोडाक्षराला अडखळला म्हणून त्याला लगेच "वाचता येत नाही" ह्या खान्यात टाकू नका, आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांशी त्याची तुलना तर अजिबात करू नका, ती तुलना होतच नाही.

मुली आणि मुलगे. हा फरक खरा आहे आणि जगभर दिसतो. चौथीच्या मुलांची पर्ल्स नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते, २०२१ च्या फेरीत ५७ देशांपैकी ५१ देशांत मुलींची सरासरी जास्त होती आणि मुलगे पुढे असलेला देश एकही नव्हता. आता हे ऐकून लोक मुलग्यांसाठी स्पेशल तास वगैरे सुरू करतात. थांबा जरा. सरासरीतला फरक आणि दोन मुलांमधला फरक ह्यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. समजा दोन गटांच्या सरासरीत ०.२ प्रमाण विचलनाचा (मार्क सरासरीच्या भोवती किती पसरलेत त्याचं माप) फरक आहे, लहान वयात मुलगे-मुलींत साधारण असा छोटाच फरक असतो, तर डोळे मिटून एक मुलगी आणि एक मुलगा उचलला तर मुलगी पुढे असण्याची शक्यता १०० पैकी ५६. नाणं उडवलं तर ५०. म्हणजे समोर मुलगा बसलाय एवढ्यावरून त्याच्या वाचनाबद्दल तुम्हाला जवळपास काहीच कळलेलं नसतं. शिवाय शिकवण्याने हा फरक हलतो. स्कॉटलंडमधल्या क्लॅकमॅननशरमध्ये रोना जॉन्स्टन आणि जॉइस वॉटसन यांनी पहिल्या वर्षापासून आवाज जोडून वाचायला शिकवलेल्या मुलांना सात वर्षं फॉलो केलं, त्यांच्या २००५ च्या अहवालात शब्द वाचण्यात मुलगे मुलींच्या पुढे होते.

ह्यातच एक उपप्रश्न, "डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकण्यातली खास अडचण, मुलग्यांनाच जास्त असतो ना?" सॅली शेविट्झ यांनी १९९० मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये एक साधी गोष्ट केली, सगळ्या मुलांना स्वतः टेस्ट दिल्या आणि शाळेने ज्यांना वाचनात अडचण आहे म्हणून ठरवलं होतं त्यांच्याशी ताडून बघितलं. दुसरीत स्वतःच्या टेस्टने अडचण निघाली ८.७ टक्के मुलग्यांत आणि ६.९ टक्के मुलींत, म्हणजे फारसा फरक नाही. शाळेने निवडलेले मात्र १३.६ टक्के मुलगे आणि फक्त ३.२ टक्के मुली. का? कारण मुलगा वाचता येईना की शेजारच्याला ढकलतो, बाकाखाली जातो, आणि मुलगी मान खाली घालून ओठ हलवत बसते. मी स्वतः एका वर्गात पूर्ण आठवडा बसले होते आणि तिसऱ्या रांगेतली एक मुलगी समूहवाचनात फक्त तोंड हलवतेय हे मला चौथ्या दिवशी कळलं. तुमच्या टेबलात मुली पुढे आहेत म्हणून तळाच्या मुलींकडे दुर्लक्ष होईल, ही मला मुलग्यांच्या सरासरीपेक्षा मोठी काळजी वाटते.

वय. हे तुम्ही टेबलात घेतलंच नाहीये आणि माझी पैज आहे की घेतलंत तर बाकीच्या फरकांतला काही भाग इथेच विरघळेल. एकाच वर्गात प्रवेशाच्या कटऑफच्या लगेच आतलं मूल आणि शेवटचं मूल ह्यांच्यात जवळपास बारा महिन्यांचं अंतर असतं. सहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आतापर्यंतच्या आयुष्याचा सहावा भाग! जन्ममहिना लिहा, चार-चार महिन्यांचे तीन गट करा आणि बघा. पुढे मोठ्या वर्गांत हा फरक पातळ होत जातो, पण पहिलीत तो चांगला जाड असतो, आणि आपण मात्र लहान वयाच्या मुलाला "स्लो" म्हणून मोकळे होतो.

बालवर्गाचा फरक. बालवर्ग केलेलं मूल पहिलीत आल्यावर पुढे असणारच, त्याने पुस्तक कसं धरायचं, अक्षर म्हणजे काय हे आधी बघितलंय. त्याला कौशल्य म्हणण्यापेक्षा मी आधी मिळालेले तास म्हणते. ते टिकतं का, ह्यावर उत्तर सरळ नाही. अमेरिकेत हेड स्टार्ट ह्या सरकारी बालशिक्षण योजनेचा मोठा अभ्यास झाला, त्यात सुरुवातीचा फायदा तिसरीपर्यंत बहुतेक विरून गेला. न्यूझीलंडमध्ये सबॅस्टियन सगेट यांनी पाचव्या वर्षी वाचन सुरू केलेली आणि सातव्या वर्षी सुरू केलेली मुलं तपासली, साधारण अकराव्या वर्षापर्यंत दोन्ही सारखी झाली. फिनलंडमध्ये तर शाळाच सातव्या वर्षी सुरू होते. पण ह्याच्यावरून "आपोआप येईल, थांबा" असं कुणी म्हणू नका, कारण त्या उशिरा सुरू केलेल्या मुलांना तोपर्यंत भरपूर गोष्टी, गाणी, गप्पा मिळत होत्या आणि नंतर नीट शिकवलंही गेलं. उशिरा सुरुवात केलेलं मूल आणि वेळेवर सुरुवात करून अडकलेलं मूल, ह्या दोन वेगळ्या केसेस आहेत.

अडकलेल्याचं काय होतं ते कॉनी ज्यूल यांनी १९८८ मध्ये दाखवलं. टेक्ससमधल्या ऑस्टिनची एक शाळा, ५४ मुलं, पहिली ते चौथी. पहिलीच्या शेवटी जे मूल वाचनात कच्चं होतं ते चौथीच्या शेवटीही कच्चंच असण्याची शक्यता ०.८८ निघाली. हा आकडा मी ट्रेनिंगमध्ये सांगते तेव्हा खोलीत शांतता होते. पण नीट बघितलं तर त्याचं कारण गूढ नाही. जे मूल शब्द जुळवू शकत नाही ते कमी वाचतं, कमी वाचतं म्हणून शब्द कमी भेटतात, शब्द कमी म्हणून पुढचं वाचन आणखी जड, आणि एका टप्प्यावर ते मूल ठरवतं की आपल्याला वाचन आवडत नाही. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये ह्या चक्राला मॅथ्यू इफेक्ट नाव दिलं, ज्याच्याकडे आहे त्याला आणखी मिळतं. नंतरच्या अभ्यासांत हे चक्र सगळीकडे सारखं दिसलेलं नाही, काही ठिकाणी दरी रुंदावते, काही ठिकाणी तशीच राहते, काही ठिकाणी कमीही होते, आणि माझ्या अनुभवात ते ठरतं मूल जिथे अडलंय तिथे कुणी पोचलं का यावर.

आणि ह्यात आपलाही हात असतो. रिचर्ड ॲलिंग्टन यांनी १९८० च्या आसपास वर्गात बसून नोंदी केल्या, टीचर कच्च्या वाचकाला जास्त वेळा मधेच तोडतात आणि त्याच्या वाट्याला वाचायला शब्दही कमी येतात. मी हे वाचून स्वतःचं एक रेकॉर्डिंग काढून ऐकलं होतं. हुशार मुलगी चुकली तर मी वाक्य संपेपर्यंत थांबत होते, बहुतेक वेळा ती स्वतःच दुरुस्त करायची. अडखळणारा मुलगा चुकला की मी पुढच्याच सेकंदाला बरोबर शब्द सांगून मोकळी. त्याला विचार करायला मी जागाच देत नव्हते. लाज वाटली खरं सांगायचं तर. आता मी मनात पाच मोजते.

घरच्या वातावरणाबद्दल मुख्याध्यापक म्हणतात त्यात तथ्य नाही असं नाही. घरात कोण किती बोलतं, पुस्तकं आहेत का, कुणी वाचून दाखवतं का, मूल किती दिवस शाळेत येतं, ह्या सगळ्याचा परिणाम होतोच. पण इथेच सगळ्यात जास्त फेकलेला आकडा आहे तो म्हणजे "३ कोटी शब्दांची दरी", म्हणजे गरीब घरातल्या मुलांच्या कानावर सुखवस्तू घरातल्या मुलांपेक्षा इतके कमी शब्द पडतात असा दावा. तो आला बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांच्याकडून, १९९५. कॅन्सस शहराची ४२ कुटुंबं, महिन्यातून एकदा तासाभराचं रेकॉर्डिंग, आणि त्यावरून चौथ्या वर्षापर्यंतचा हिशोब वाढवून काढलेला. त्यातली सरकारी मदतीवरची कुटुंबं फक्त ६. पुढे डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या घरांतली रेकॉर्डिंग तपासली, तर एकाच उत्पन्नगटातल्या घराघरांत प्रचंड फरक निघाला, आणि आजूबाजूची मोठी माणसं बोलतात ते धरलं तर चित्र आणखी बदललं. म्हणजे गरीब घर म्हटल्यावर मूक घर असं धरून चालता येत नाही. आणि दुसरं, साधी गोष्ट, घर बदलणं मुख्याध्यापकांच्या हातात नाही पण दिवसाची वीस मिनिटं गोष्ट वाचून दाखवणं आहे.

कान आणि डोळे तपासून घ्या, ह्यावर जास्त लिहीत नाही. दरवर्षी एक तरी "कच्चा" मुलगा मला असा भेटतो ज्याला फळाच दिसत नसतो.

आता तुमच्या टेबलांकडे. दुसरीत वेगळ्या भाषेची मुलं किती आहेत? आठ-दहा असतील. समजा आठ मुलांनी मिनिटाला ५, ८, १०, १२, १४, १६, २० आणि ७५ शब्द वाचले. सरासरी २०. त्यातलं ७५ वालं एक मूल गैरहजर असलं तर सरासरी १२. एका मुलाला ताप आला आणि गट "घसरला"! अशा वेळी मधला आकडा घ्या, इथे तो १३ येतो, आणि त्याच्याही आधी सगळे आठ आकडे नुसते कागदावर ओळीने लिहून बघा, सरासरीने लपवलेलं सगळं दिसतं.

टेस्ट कुणी घेतली हेही महत्त्वाचं. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या वर्गाच्या शेवटी फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचण्याची, तपासणी होते, ४० शब्द, त्यातले २० अर्थ नसलेले बनावट शब्द, म्हणजे पाठांतर चालत नाही. पास व्हायला ३२ लागायचे आणि हे टीचरना आधी माहीत होतं. निकालाचा आलेख काढला तर ३१ वर फार कमी मुलं आणि ३२ वर एकदम उंच सुळका. २०१४ पासून पासचा आकडा आधी सांगणं बंद केलं. टीचर लबाड होते असं मी म्हणणार नाही, आपल्याच वर्गातलं पोर ३१ वर आलं की त्या एका अर्धवट शब्दाला आपण "बरोबर" म्हणतोच. म्हणून पुढच्या वेळी पहिलीच्या टीचरनी दुसरीची टेस्ट घ्या आणि दुसरीच्यांनी पहिलीची. बनावट शब्द पण घाला, "मिलव", "पुटग", "तेबीर" असे काहीही, मुलांना आधी सांगा की ही परग्रहावरची भाषा आहे, मजा येते त्यांना.

करायचं काय, तर एकेका मुलाला आठ मिनिटं द्या. तीस मुलं म्हणजे चार तास, दोन आठवड्यांत रोज पंचवीस मिनिटं काढली की होतं. एका कागदावर अक्षरं, मग साधे शब्द, काना-वेलांटी-मात्रावाले शब्द, जोडाक्षरं, बनावट शब्द, छोटा उतारा, आणि उताऱ्यावर दोन प्रश्न असे की ज्यांचं उत्तर उताऱ्यातून जसंच्या तसं उचलता येणार नाही. चूक झाली तर फुली मारू नका, मूल काय म्हणालं ते लिहा. "करण" लिहिलंत तर इलाज कळतो, फुलीवरून काही कळत नाही. मग अडलेल्या जागेप्रमाणे मुलं एकत्र करा, इयत्ता, मुलगा-मुलगी, घर काही बघू नका. प्रथम ह्या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने हे पातळीनुसार शिकवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर केलंय, आणि त्याची गरज का आहे ते असर ह्या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीवरून कळतं, २०२४ मध्ये ग्रामीण भारतात तिसरीतल्या २७.१ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. म्हणजे एकाच वर्गात अक्षराला अडलेलं मूल आणि गोष्ट वाचणारं मूल शेजारी शेजारी बसतात, आणि ही दरी तुमच्या कुठल्याही दोन गटांच्या सरासरीतल्या दरीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

हे गट सहा-आठ आठवड्यांच्या वर ठेवू नका, पुन्हा तपासा, मुलं हलवा. गटाला नाव देऊच नका, ससा-कासव तर मुळीच नको, पोरांना दोन दिवसांत कळतं आपण कोण ते. आणि गट चालू असताना गोष्ट ऐकण्याचा, गप्पांचा तास सगळ्यांचा एकत्रच ठेवा, कारण अक्षराला अडलेल्या मुलाची भाषा बऱ्याचदा वर्गात सगळ्यात श्रीमंत असते आणि त्या घरटंवाल्या मुलीला ती ऐकायला मिळायला हवी.

मुख्याध्यापकांना दाखवायला टेबल हवंच असेल तर रकाने बदला. वरती गटांच्या ऐवजी अडलेल्या जागा लिहा, वेलांटी, उकार, जोडाक्षर, वेग, शब्दांचा अर्थ, आणि खाली मुलांची नावं. मी शेवटची अशी यादी केली तेव्हा वेलांटीच्या रकान्यात नऊ नावं आली, त्यात चार मुली होत्या आणि तीन मुलं दोन वर्षं बालवर्ग करून आलेली.